माझी हिंदी, आत्याची मराठी आणि जबलपूरचे चार दिवस

अण्णांनी अट घातली नसती तर मी जबलपूरला गेलो नसतो. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ऐंशी. जत तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांनी जन्मभर पिठाची गिरणी चालवली. यंदा त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं आम्ही ठरवलं, गुरुजींना विचारून तिथी काढली, मंडपवाल्याला सांगितलं आणि सगळ्यात शेवटी अण्णांना सांगितलं. ते ओट्यावर शेंगा फोडत बसले होते.

"इंदी येणार आसंल तर करा," ते म्हणाले. "न्हाईतर मला नगो."

इंदी म्हणजे माझी इंदुआत्या, अण्णांची धाकटी आणि एकुलती एक बहीण. पन्नासेक वर्षांपूर्वी लग्न होऊन जबलपूरला गेली. यजमान तिथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते, सासरची सगळी मूळ नागपूरकडची. माझ्या लग्नाला ती आली होती, त्यानंतर बावीस वर्षं आलेली नाही. दर वेळी काही ना काही कारण निघायचं. गुडघे, नातीची परीक्षा, गाडीला गर्दी.

"गुडघ्याचं काही नाही," माझी बायको सुमन म्हणाली. "तुम्ही माईकवर काय केलं होतं ते आठवा. आता तुम्हीच जाऊन घेऊन या."

आठवायची गरज नव्हती. लग्नात पंगतीला उशीर झाला होता, लोक कंटाळले होते. मित्रांनी माईक माझ्या हातात दिला आणि मी, नवरदेव, मुंडावळ्यांसकट उभा राहून आत्याची नक्कल केली. "काहून बसून राहिले जी तुम्ही? चलो, जेवून घ्या ना." सगळा मांडव हसला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आत्या गेली. तेव्हा मला वाटलं होतं, तिची गाडी असेल.

तर ही सहल अशी ठरली. वाचकांपैकी कुणाला जायचं असेल तर सांगतो: मिरजेहून कल्याण, तिथून इटारसीमार्गे जबलपूर. कल्याणपासून पंधरा-सोळा तास धरा. स्लीपरला पाच-सहाशे रुपये लागतात. जानेवारीत जात असाल तर कानटोपी घ्या. मी घेतली नव्हती, कारण आमच्याकडे थंडी म्हणजे सकाळी अंगात एक स्वेटर आणि नऊ वाजता काढून ठेवायचा. जबलपूरच्या स्टेशनवर उतरलो तेव्हा तोंडातून वाफ येत होती.

बाहेर ऑटोवाल्याला मी माझ्या हिंदीत विचारलं. हिंदी मी पाचवीपासून शिकलो, पण शिकवणारे गुरुजी आमच्याच गावचे होते.

"भैया, रांझी को जाने का है. कितना पैसा लेगा तुम?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग शेजारच्या ऑटोवाल्याकडे. "आप बैठो तो सही, बाबूजी. रास्ते में और सुनाना."

"अरे लेकिन पैसा बोलो ना. बाद में झगडा नको."

"नको," तो शेजारच्याला म्हणाला आणि दोघं मनापासून हसले. दोनशे ठरले. वाटेत त्यानं मला घरी कोण कोण आहे, पीक काय घेता, गावात देऊळ कुणाचं, असं सगळं विचारलं. मला वाटलं, माणूस किती चौकस. रांझी आल्यावर कळलं, त्याला माझ्या उत्तरात रस नव्हता, मी ते कसं देतो त्यात होता. उतरताना त्यानं वीस रुपये परत केले.

रांझी म्हणजे कारखान्याच्या लोकांची वस्ती. सकाळी पाळीला जाणाऱ्या सायकली आणि मोटारसायकली एकदम सुटतात, मग दिवसभर गल्ली शांत. आत्याचं घर बैठं, पुढं अंगण, तुळस, पेरूचं झाड. मुलगा आणि सून नोकरीला जातात. घरी आत्या आणि कॉलेजात शिकणारी नात पीहू.

आत्या दारात उभी होती. मी वाकून नमस्कार केला. "आत्या, कशी आहेस गं?"

"आइए," आत्या म्हणाली. "सफर ठीक रहा? चप्पल उधर निकाल दीजिए."

मला वाटलं, सवयीनं बोलली असेल. मी मराठीत बोलत राहिलो, ती हिंदीत उत्तरं देत राहिली. अण्णांची तब्येत विचारली ती हिंदीत, चहात साखर किती ते हिंदीत, आणि मला बोलावलं 'आप' म्हणून. आमच्या गावात घरातल्या माणसाला कुणी 'आप' म्हणत नाही. वाढून झाल्यावर पीहूनं मला हळूच सांगितलं, "काका, दादीने कहा है, आपके सामने मराठी नहीं बोलेगी. एक शब्द नहीं."

"का पण?"

"वो तो आपको पता होगा ना," पीहू म्हणाली आणि तिनं मला आणखी एक पोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याला घेऊन ग्वारीघाटावर गेलो. रांझीहून ऑटोनं पाऊण तास लागतो. नर्मदेवर पहिल्यांदाच गेलो होतो. पाण्यावर धुकं होतं आणि समोरचा काठ दिसत नव्हता. ओळखीची-अनोळखी सगळी माणसं एकमेकांना 'नर्मदे हर' म्हणतात, चहावालासुद्धा. मी तीन बुड्या मारल्या. थंडीनं दात वाजत होते, तरी हात जोडून उभा राहिलो आणि मनात म्हणालो, 'आये, आत्याला माझ्यासंगं लावून दे. लई वर्सं झाली.' मग माझं मलाच नवल वाटलं. चारचौघांत मी गावची बोली बोलत नाही. तालुक्याच्या वाचनालयात बसतो, लोक समोर येतात, म्हणून जपून बोलतो. देवाशी मात्र गेली चाळीस वर्षं मी याच भाषेत बोलतोय आणि तिकडून कधी तक्रार आलेली नाही.

अंग पुसलं आणि आत्याच्या शेजारी पायरीवर बसलो. गाडीत घोकून ठेवलेलं वाक्य होतं, ते काढलं. "आत्या, माझ्या विवाहप्रसंगी माझ्याकडून जे अनुचित वर्तन घडलं, त्याबद्दल मी मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त करतो."

आत्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं माणूस पोस्टात चुकीच्या खिडकीवर गेलेल्याकडे बघतो.

"ये रेडियो वाली मराठी किसके लिए है?" ती म्हणाली. "चलिए, जलेबी खाइए. ठंडी हो जाएगी."

जलेबी खव्याची होती, काळसर, जाड. एक खाल्ली की जेवण होतं. मी दोन खाल्ल्या, दिलगिरी गिळायला उपयोग झाला.

जबलपूरच्या आसपास हिवाळ्यात मटार किती पिकतो हे मी बघितलं नसतं तर खरं मानलं नसतं. पनागरकडून गोणीच्या गोणी येतात, आणि दुपारी गल्लीतल्या बायका अंगणात उन्हात बसून वर्षभराचा मटार सोलून ठेवतात. त्या दुपारी आत्याच्या अंगणात शेजारच्या शुक्ला चाची आणि आणखी तिघीजणी जमल्या. मीही शेंगा घेऊन बसलो. रिकामं बसणं मला जमत नाही.

"काए भैया, महाराष्ट्र में भी होता है मटर?" शुक्ला चाचींनी विचारलं.

"होती है, लेकिन इतकी नहीं. हमारे उधर पाऊस कम पडती. द्राक्षबाग है, ज्वारी है. मटर को पाणी लगता."

शेंगा सोलणारे आठ हात थांबले.

"पाऊस कम पडती," एक बाई हळूच म्हणाली.

"फिर क्या करते हो, जब पाऊस नहीं पडती?" शुक्ला चाचींनी अगदी गंभीरपणे विचारलं.

"टँकर आती. टँकर के पीछे सब बाई लोग घागर लेके पळती."

बायका इतक्या हसल्या की एकीच्या मांडीवरचं ताट उलटं झालं. मी वळून बघितलं तर आत्यानं पदर तोंडाशी धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. मी आल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती. मग मी ठरवलं, हेच बरं. मी द्राक्षांच्या फवारणीचं सांगितलं, यात्रेत बैल उधळला ते सांगितलं, सुमनच्या भावाची म्हैस विहिरीत पडली ते सांगितलं. म्हैस बाहेर काढेपर्यंत गोणी संपली. संध्याकाळी आत्या मला आणखी दोन घरी घेऊन गेली. दारातूनच सांगायची, "सुनो, ये हमारे भतीजे हैं. भैंस वाली बात बताइए इनको."

खरं सांगायचं तर पहिल्या घरी मजा आली. दुसऱ्या घरी मी म्हैस विहिरीत पडायच्या आधीच लोक हसायला लागले, तेव्हा कुठंतरी टोचलं. मी बोलत होतो ते कुणी ऐकत नव्हतं. म्हशीचं पुढं काय झालं हे एकानंही विचारलं नाही. ती वाचली होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं, म्हणजे आत्या, पीहू आणि मी, भेडाघाटला गेलो. शहरापासून वीस-बावीस किलोमीटर आहे. रांझीहून गाडी करून गेलात तर दिवस मोडतो, पण जा. आधी धुआंधार बघा, म्हणजे नर्मदा कड्यावरून उडी घेते तो धबधबा. तुषार इतके उडतात की नावाप्रमाणे धूरच वाटतो. मग संगमरवरी कड्यांमधली नाव. माणशी शंभर-दीडशे घेतात, बसण्याआधी विचारून घ्या. पावसाळ्यात नावा बंद असतात.

नावाडी वल्हवता वल्हवता यमकं जुळवून माहिती सांगतात, हा तिथला रिवाज आहे. आमचा नावाडी म्हणत होता, "दाएं हाथ पे देखो साथी, पत्थर में बैठा है हाथी. जिसको हाथी नहीं दिखा, उसने चश्मा घर पे रखा." मला हत्ती दिसला नाही. पांढरे, पिवळसर, कुठं निळे कडे दोन्ही बाजूंनी सरळ वर गेलेले आणि मध्ये हिरवं स्तब्ध पाणी. देवळाच्या गाभाऱ्यात येतो तसा गारवा. मी मान पुढं काढून, हात गुडघ्यांवर ठेवून बघत होतो.

"पाणी कितना खोल है, भैया?" मी न राहवून विचारलं.

नावाड्यानं उत्तर द्यायच्या आधी पीहू बोलली. तिनं मान माझ्यासारखी पुढं काढली, हात माझ्यासारखे गुडघ्यांवर ठेवले आणि माझ्या आवाजात म्हणाली, "पाणी कितना खोल है भैया? हमारी म्हैस इसमें पडती तो पाऊस आती क्या?"

हुबेहूब जमलं होतं. नावेत आणखी आठ-दहा माणसं होती, ती सगळी हसली. नावाडी म्हणाला, "भैंस पे भी बना दें क्या, बाबूजी?" आणि आणखी हसू झालं. मीही हसलो. न हसून काय करणार?

"काहून हसून राहिली गं तू?"

आवाज आत्याचा होता, आणि मराठी होता. पीहूचं हसू जागच्या जागी थांबलं.

"तुझा काका आहे तो. त्याच्या बापानं मला खांद्यावर बसवून जत्रेत नेलं आहे. दोन दिवस झाले, तो बिचारा बोलून राहिला आणि सारी गल्ली हसून राहिली. त्याची भाषा त्याच्या आईनं दिली त्याला, बाजारातून नाही आणली. माफी माग."

"दादी, आप ही तो उनको घर-घर ले जाके..."

"मी नेलं. चुकलं माझं. तू माफी माग."

पीहूनं माफी मागितली. नावाडी हत्ती, घोडा काही न सांगता आम्हाला काठावर घेऊन आला. उतरताना एक म्हातारे गृहस्थ आत्याला म्हणाले, "आपल्या बोलण्यावरून वाटलं, नागपूरकडच्या का?" आत्या म्हणाली, "मी कुठलीच नाही जी."

काठावरच्या टपरीत गक्कड-भरता मिळतो, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे आणि वांग्याचं भरीत. तिघांत दोनशेच्या आत पोट भरतं. पीहू लांब जाऊन फोटो काढत होती. आत्या गक्कड फोडत मराठीत बोलायला लागली, आणि बोलतच राहिली.

"लग्न होऊन आली ना दत्ता, तेव्हा मी 'व्हय' आणि 'न्हाई' म्हणायची. सासरची सारी हसायची. नणंदा मला मुद्दाम बोलवून पाहुण्यांपुढे बोलायला लावायच्या. मग मी शिकली. दोन वर्षं लागली. रात्री उशाशी पाठ करायची, कसं बोलायचं ते. अच्छा, आता ही भाषा माझ्या तोंडात बसली, तर तिकडे गेली की तुम्ही हसले."

"आत्या, मी हसलो. माझं चुकलं," मी म्हणालो. या वेळी वाक्य आपोआप लहान झालं.

"तू तर तेव्हा मूर्खच होता. तुझ्यावर नाही राग." तिनं भरीत पुढं सरकवलं. "दादा हसला. पहिल्या रांगेत बसून सर्वांत मोठ्यानं हसला. माझा भाऊ. आणि तेव्हापासून फोन केला तर 'हां, बरं आहे' म्हणतो आणि तुझ्या बायकोकडे देऊन टाकतो. बावीस वर्षांत दोन वाक्यं धड बोलला नाही. त्याला माझं बोलणं ऐकवत नाही, तर मी येऊन काय करू?"

अण्णांना आता कमी ऐकू येतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण हे आताचं. माझ्या लग्नात ते अठ्ठावन्न वर्षांचे होते.

चौथ्या दिवशी सकाळी मी आत्याला म्हणालो, "मला विचारू नकोस. त्यांनाच विचार." आणि सुमनला फोन लावला. अंगणात मटाराची नवी गोणी आली होती, शुक्ला चाची आणि मंडळी बसली होती. सुमननं फोन मोठ्या आवाजावर ठेवून अण्णांपुढं धरला.

"दादा," आत्या हळू म्हणाली, "लग्नात माझ्यावर काहून हसून राहिला होता?"

"हां, बरं हाय," अण्णा म्हणाले.

आत्यानं माझ्याकडे बघितलं. बघ, असं.

"आत्या, मोठ्यानं," तिकडून सुमन म्हणाली. "ते उजव्या कानानंच घेतात, तेही ओरडल्यावर."

आत्यानं शेजारणींकडे बघितलं. मग थोड्या मोठ्या आवाजात तेच वाक्य म्हणाली. अण्णा म्हणाले, "हां, हां." तिसऱ्या वेळी ती उभी राहिली, कमरेवर हात ठेवला आणि जे वाक्य तिनं बावीस वर्षं मनात ठेवलं होतं ते असं ओरडली की पेरूवरचे पोपट उडाले आणि समोरच्या घरातला माणूस दाढीचा साबण तसाच ठेवून गॅलरीत आला.



"आगं इंदे," अण्णा म्हणाले, "मला कुठं काय ऐकाय आलं हुतं? गिरणीच्या इंजनानं कान तवाच गेलं हुतं. ह्यो माईकवर काय बोलला, तू कवा काय बोललीस, मला काय बी ठावं न्हाई. समदी हसाय लागली, म्हणून मी बी हसलो. न्हाईतर लोक म्हणाय लागतील, गिरणीवाला भैरा झाला."

"मग सांगायचं नाही का?" आत्या ओरडली. आता तिला सांगावं लागत नव्हतं.

"कुणाला सांगू? भैऱ्याकडं दळाण कोण टाकल? बारीक सांगितलं की जाडं दळंल म्हणतील." मग म्हणाले, "फोनवर बी तसंच. तू कायतरी बोलतीस, मला घूंऽऽ ऐकाय येतं. म्हून म्हणतो, बरं हाय."

आत्या खाली बसली. शुक्ला चाचींना मराठी कळत नव्हती. त्यांनी मला खुणेनं विचारलं, काय झालं. मी सांगितलं, "भाई को सुनाई नहीं देता था. पहले से."

"हओ," चाची मान हलवत म्हणाल्या. या वेळी कुणी हसलं नाही.

आत्या पदरानं डोळे पुसत म्हणाली, "पीहू, माझी निळी पैठणी काढ. आणि गाडीचं बघ, दत्तासोबतच जाते मी." मग माझ्याकडे वळली. "आणि तू बसून काय राहिला? दहा किलो मटार सोल. रिकाम्या हातानं जायचं आहे का भावाकडे?"

तत्काळचं तिकीट मिळालं. सोललेला मटार बर्फ घालून डब्यांत भरला, तरी इटारसीच्या पुढं डबा गळायला लागला आणि खालच्या बर्थवरच्या गृहस्थांना मी हिंदीत समजावलं. ते फार छान हसले.

कार्य झालं. आत्यानं अण्णांना ओवाळलं. ती आठवडाभर राहिली आणि सगळा आठवडा ओरडून बोलली, कारण दुसरा इलाजच नव्हता. "दादा, चहा पिऊन राहिला का?" हे वेशीपर्यंत जायचं. पहिल्या दिवशी गल्लीतल्या दोघी हसल्या. आत्यानं त्यांच्याकडे बघितलं, पण अण्णा उत्तराची वाट बघत होते, त्यामुळे तिला थांबायला सवड नव्हती. तिसऱ्या दिवशी हसणाऱ्यांपैकी एक तिच्याकडून मटार टिकवायचा कसा ते शिकत होती.

आता ती परत जबलपूरला आहे. दर रविवारी सकाळी फोन येतो. अण्णा ओट्यावर बसून ओरडतात, ती अंगणातून ओरडते, आणि दोन राज्यांतल्या दोन गल्ल्यांना आमच्या घरचं सगळं कळतं. तासाभरानं अण्णा फोन माझ्याकडे देतात. तिकडे शुक्ला चाची बसलेल्या असतात आणि आत्या सांगते, "दत्ता, बोल रे यांच्याशी." 'आप' गेलं, 'तू' आलं.

मी बोलतो. त्या हसतात. अजूनही थोडं लागतं, ते खोटं कशाला सांगू. पण मागच्या रविवारी माझं बोलून झाल्यावर चाचींनी एक प्रश्न विचारला. "भैया, वो भैंस का फिर क्या हुआ?"

मी त्यांना सगळं सांगितलं.